चार सत्ते सव्वीस

९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून शाळा घरात. शिकवायचं म्हटलं की नोंद ठेवायला हवी, म्हणून ही डायरी. माझा धंदा काटेदुरुस्तीचा. दुकानदारांचे तराजू, काटे, वजनं माझ्याकडे येतात आणि मी ती खरी करून परत देतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझ्या दोन मुली. ज्याला दुसऱ्याचा काटा शून्यावर आणता येतो त्याला एका दुसरीतल्या आणि एका सातवीतल्या मुलीला शिकवता येऊ नये, असं काही नाही.

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारलं तर शब्द शोधत बसायला नको. ही, म्हणजे मुलींची आई, बसस्थानकावर निवेदिका होती. कुठली बस कुठल्या फलाटावर लागेल, कुठली उशिरा येईल, ते सगळं हिच्या आवाजात भरून ठेवलेलं आहे. ही गेली त्याला वर्ष होईल. आवाज मात्र रोज कामावर जातो. मुलींची शाळेची बस त्याच स्थानकावरून सुटते. धाकटी भोंग्याखाली मान वर करून उभी राहायची आणि थोरली तिला ओढत बसमध्ये चढवायची. मागच्या गुरुवारी धाकटीने हात सोडवून घेतला आणि आई बसते ती खोली शोधायला निघाली, ती थेट मागे येणाऱ्या बसच्या चाकापर्यंत. एका कंडक्टरने दप्तराला धरून ओढलं, म्हणून मी आज हे लिहितो आहे.

स्थानकप्रमुखांना फोन केला. म्हटलं, आवाज बदला. ते म्हणाले, "अहो, वहिनींसारखा आवाज आणायचा कुठून? आणि मंजुरी लागते त्याला." मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला. मी स्वतः ही गेल्यापासून त्या बाजूला फिरकलेलो नाही, तरीही.

१० सप्टेंबर, मंगळवार

पहिला दिवस. धाकटी म्हणाली, घंटा झाल्याशिवाय शाळा सुरू होत नाही. पितळी पारड्यावर वजन आपटून घंटा दिली. मग म्हणाली, प्रार्थना. झाली. मग म्हणाली, हजेरी. हजेरी घेतली. "आता मधली सुट्टी," म्हणाली. एवढ्यात मला घाम फुटला होता.

बेरीज मात्र तराजूवर छान शिकवली. या पारड्यात तीन, त्या पारड्यात दोन, काटा मध्ये यायला काय हवं? तिने त्या पारड्यात आपला अंगठा ठेवून दाबला. माझ्या धंद्यात याला काटा मारणं म्हणतात. सात वर्षांच्या मुलीला उपजत यावं हे पाहून मी हात टेकले.

थोरलीचं बीजगणिताचं पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि गुपचूप मिटलं. सगळं डोक्यावरून गेलं. "तू आपापलं करशील ना?" म्हटलं. "बरं," म्हणाली. ही पोर बारा वर्षांची आहे, पण तिच्याकडे कधी बघावंच लागत नाही.

ताईचा फोन आला होता. थोरलीने उचलला, तर ताई पलीकडे गप्पच. मग मला म्हणाली, "अरे, वहिनीच 'हॅलो' म्हणाली असं वाटलं. फोन ठेवणारच होते मी." ताईला पहिल्यापासून सगळ्यात नाटक दिसतं. घरी शिकवतोय म्हटल्यावर म्हणाली, "तू? तुला स्वतःला चार ओळी धड लिहिता येत नाहीत." या डायरीबद्दल तिला सांगणार नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

धाकटी माझ्याकडून काही शिकत नाही. मी 'क' म्हणालो की ती 'का' म्हणून विचारते. आज पाढे म्हणायला बसवली तर टेबलाखाली जाऊन बसली. मी ओरडलो. ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "आईचा आवाज ऐकायला मिळत असेल तर मी शिकीन. शाळेच्या बसमध्ये चढायच्या आधी तरी मिळत होता."

मी दुकानात येऊन एक ठीकठाक काटा उगाच उघडून पुन्हा बंद केला.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज सापडलं! हिच्या शालीखाली एक कॅसेट. पाठीवर हिच्या अक्षरात 'धाकटीचा अभ्यास'. शेवटच्या आजारपणात केव्हातरी भरली असणार. आम्हाला सांगितलं नाही. गोष्टी लपवून ठेवायची हिची खोडच होती, आमच्या वाढदिवसाच्या भेटीसुद्धा तांदळाच्या डब्यात असायच्या.

लावली. दोन खोल्यांत एकदम हिचा आवाज. मी उभा होतो तिथेच खाली बसलो. हिने चारचा पाढा घेतला आहे. मध्ये मध्ये थांबते, पोरीला उत्तर द्यायला जागा सोडते, आणि मग म्हणते, "शाब्बास!" चार पंचे? जागा. शाब्बास! धाकटी टेप रेकॉर्डरसमोर मांडी घालून बसली आणि त्या जागांमध्ये खणखणीत उत्तरं देत गेली. वर्षभरात तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

घरची शाळा आजपासून खरी सुरू झाली म्हणायची.

२० सप्टेंबर, शुक्रवार

एक गोची झाली आहे. कॅसेट विचारते, "चार सत्ते?" धाकटी म्हणते, "सव्वीस." कॅसेट म्हणते, "शाब्बास!"

मी म्हटलं, "अगं, अठ्ठावीस."

"आई शाब्बास म्हणाली."

"आईला ऐकू येत नाही, ती कॅसेट आहे."

यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच ओशाळलो. सात-सात वजनांचे चार ढीग घालून दाखवले. मोजले तिने, अठ्ठावीस भरले, आणि म्हणाली, "तुमची वजनं चुकली असतील." माझी वजनं! आता हिचा पाढा कोण मोडणार? वर्षभराने हीच पोर वाण्याकडे जाईल आणि सव्वीसच्या हिशेबाने फसेल, आणि वर म्हणेल आई म्हणाली होती.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. पूर्ण कॅसेटमध्ये थोरलीला उद्देशून एक शब्द नाही. मी तिला तसं बोलूनही गेलो. ती भांडी पुसत होती. "मला काय, मी मोठी आहे," म्हणाली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

लिहवत नाही. आवाज किंचित जड येतोय असं माझ्या कानाला वाटत होतं, पट्टा सैल झाला असणार. मला चुकीचा काटा सहन होत नाही, तसंच हे. टेप रेकॉर्डर उघडला, पट्टा आवळला, लावला. त्याने कॅसेटची फीत ओढून आत चघळली. बाहेर काढली तेव्हा सुरकुतलेल्या रिबिनीचा गुंता हातात आला. तुकडे पडले होते.

मी मुलींसमोर रडलो. हिच्या वेळी दवाखान्यातही रडलो नव्हतो. धाकटी घाबरून दारामागे गेली. थोरलीने तो गुंता उचलला, पेन्सिल घालून गुंडाळायला बसली, आणि बराच वेळ गुंडाळत राहिली. तुटलेली फीत गुंडाळून काय होणार?

३० सप्टेंबर, सोमवार

थोरली सकाळी दुकानात आली. "बाबा, अजून एक सापडली."

स्थानकाने हिच्या कपबशीबरोबर एक खोकं पाठवलं होतं, जुन्या निवेदनांच्या कॅसेटी. मी ते कधी उघडलं नाही. थोरली म्हणाली, त्यातच एकीवर आईने धडा भरलेला आहे. मी ऐकली. हीच! जरा दबलेला आहे आवाज, पांघरुणात तोंड घालून बोलल्यासारखा. आम्ही जागे होऊ नये म्हणून तशी बोलली असेल बिचारी.

पण पुढे जे झालं ते मी जसंच्या तसं लिहितो. "चार सत्ते?" कॅसेटने विचारलं. "सव्वीस!" धाकटी म्हणाली. थोडी शांतता. आणि मग ही म्हणाली, "सव्वीस म्हणालीस ना? अठ्ठावीस गं, राणी. पुन्हा सांग."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. धाकटी नुसती मान डोलवून म्हणाली, "अठ्ठावीस," आणि पुढे गेली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

विचार केला. आई असताना पण धाकटी सव्वीसच म्हणत असेल, म्हणून हिने मुद्दाम घातलं असेल. थोरलीला विचारलं. "असेल," म्हणाली. मला बरं वाटलं.

फक्त एवढंच की, आई असताना धाकटी पहिलीत होती आणि पहिलीत पाढे नव्हते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

धाकटीचा पुढचा दात पडला. आज आणखी एक कॅसेट सापडली. त्यात ही म्हणते, "दात पडला का? दाखव बघू. आता 'स' म्हणताना शीळ वाजेल, हसू नका कोणी."

या वयात दात पडतातच, कुठल्याही आईला माहीत असतं. मी हे स्वतःला दुपारभर समजावलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज मात्र समजावता येत नाही. मागच्या आठवड्यात गोदामवाल्याचा मोठा जमिनीवरचा काटा दुरुस्तीला आला, तो बोळात ठेवलाय. धाकटी सारखी त्यावर उड्या मारते. आजच्या कॅसेटमध्ये धडा संपता संपता ही म्हणाली, "आणि बोळातल्या मोठ्या काट्यावर उड्या मारायच्या नाहीत. बाबांना काम वाढतं."

ही असताना असला काटा या घरात कधीच आला नव्हता.

मी बोळात जाऊन उभा राहिलो. अंगावर शहारे होते, पण भीती म्हणावी तर ती भीती नव्हती. कोणीतरी दार लोटून आत यावं आणि आपण पाठमोरे असतानाही कोण ते कळावं, तसं वाटलं. हिला दिसतंय सगळं. मी हे लिहिलं. ताईने वाचलं तर मला वेड्यात काढेल. काढू दे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मोठ्या काट्यावर धाकटी आज चढली नाही. मी वजन घ्यायला म्हणून चढलो. ही गेल्यापासून निम्मा झालो आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा छान चालली आहे. धाकटी वाचायला लागली, घड्याळ ओळखायला लागली, पावशेर-अर्धा शेर माझ्याकडून शिकते आणि बाकी सगळं आईकडून. नवी कॅसेट आठवड्याला एखादी तरी सापडते. कधी खोक्यात, कधी चादरींच्या कपाटात. मी शोधायला गेलो की सापडत नाहीत, थोरलीलाच सापडतात. पोरीची नजर बारीक आहे.

परवा कॅसेटमध्ये ही म्हणाली, "बाबांना सांगा, दुपारचं जेवण टाळू नका." मी उठलो आणि जेवलो. तेव्हापासून रोज जेवतो.

दुकानात एकटा असलो की मी आता हिच्याशी बोलतो. दार उघडंच असतं, लपवायचं काय त्यात? कुठल्या गिऱ्हाइकाने पिडलं, कुठली स्प्रिंग मिळत नाही, असलं सगळं. कधी कधी पुढच्या कॅसेटमध्ये त्याचं उत्तर असतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

थोरलीचा घसा बसलाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. मी विचारलं, इतकं काय बोलतेस? तर हसली. ती दुपारी सामानाच्या खोलीत दार लावून अभ्यास करते, तेही गोधडी डोक्यावरून घेऊन. म्हणते, धाकटीचा आवाज येत नाही. या उकाड्यात गोधडी! वयात येणाऱ्या मुलींचं काही कळत नाही. ही असती तर विचारलं असतं.

विचारलंच. दुकानात बसून मोठ्याने म्हणालो, "थोरलीकडे जरा बघ, वाळत चाललीय." या वेळी उत्तर आलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

थोरलीच्या वर्गशिक्षिका आल्या. मला वाटलं काटा आणला. त्या घाईने खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"तुम्ही रागावू नका," म्हणाल्या, "धाकटीचं मी समजू शकते. पण थोरलीला का घरी बसवलंत?"

"धाकटीला एकटीला घरी ठेवायचं तर तिच्याकडे कोण बघणार? माझं दुकान असतं."

"म्हणजे ती शिकायला घरी नाही, सांभाळायला आहे."

बाईंचं बोलणं मला झोंबलं. मी म्हटलं, ती आपापला अभ्यास करते. त्यांनी थोरलीला हाक मारली आणि गणित विचारलं. पूर्वी वर्गात पहिली असायची म्हणे. आज तिला आलं नाही. ती खाली बघत उभी राहिली. माझ्यासमोर तिला काही येत नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं.

निघताना बाई जरा सैल झाल्या. "वर्गाला करमत नाही हो हिच्याशिवाय. नकला करण्यात हिचा हात कोणी धरू शकत नाही. माझी तर अशी करते की मलाच वळून बघावं लागतं. मार्चच्या पहिल्या सोमवारपासून पाठवलीत तरी वार्षिक परीक्षेला बसता येईल. मी मुख्याध्यापकांशी बोलते. नाही आली तर मात्र वर्ष जाईल."

मी बघतो म्हणालो. त्या गेल्यावर थोरली म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका, बाबा. मी घरीच बरी आहे." घसा अजून सुटलेला नाही, दोन आवाजांत बोलते बिचारी, एक जाड आणि एक बारीक.

९ डिसेंबर, सोमवार

ठरवता येत नाही. थोरली गेली तर कॅसेटी कोण शोधणार? हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. कॅसेटींसाठी मुलीचं वर्ष घालवू? पण धाकटी पुन्हा टेबलाखाली जाऊन बसली तर? आणि मी? मी कुठे जाऊन बसू?

आज हिलाच विचारलं. दुकानात, स्पष्ट, मोठ्याने. "थोरलीला शाळेत पाठवू की नको? तू म्हणशील ते करीन." आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज झाला, बाकी काही नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

नवीन कॅसेट नाही. धाकटी जुन्याच ऐकते आहे.

६ जानेवारी, सोमवार

सापडली. आज थोरलीने ती माझ्या हातात दिली नाही, टेप रेकॉर्डरवर ठेवून बाहेर गेली. मी एकट्यानेच ऐकली. भागाकाराचा धडा आहे. मध्येच धडा थांबतो. बराच वेळ नुसता श्वास. मग ही म्हणते, "थोरलीचं मला काय विचारता? तिलाच विचारा ना."

एवढंच. पुढे पुन्हा भागाकार.

मला राग आला. इतके दिवस जेवणापासून काट्यापर्यंत सगळं सांगणारी, नेमकं अवघड आलं की अंग काढून घेते. जिवंतपणीही असंच करायची.

७ जानेवारी, मंगळवार

तिलाच विचारलं. "तुला शाळेत जायचंय का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"आई म्हणते तुला विचार."

तिचे डोळे भरले. मला वाटलं आईची आठवण. म्हणून विषय बदलला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारातला एक धान्यवाला वजनं घेऊन आला. तक्रार अशी की गिऱ्हाइकं म्हणतात माल कमी भरतो. "पण मी दर महिन्याला ताडून बघतो," म्हणाला. कशाशी ताडतोस? तर एका वजनाशी दुसरं. त्याची सगळीच वजनं वर्षानुवर्षं झिजून सारखीच हलकी झाली होती. एकमेकांशी तोलली की काटा मध्येच राहायचा. मी माझं प्रमाण वजन काढलं, मखमलीच्या पेटीतलं, ज्याला मी बोट लावत नाही, चिमट्यानेच उचलतो. ते ठेवल्याबरोबर त्याचं पारडं टणकन वर गेलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

धाकटीला बोलावून हा धडा दिला. तिला खूप आवडला. थोरली दारात उभी होती, तिने ऐकलं आणि आत निघून गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंचा फोन. सोमवार शेवटचा. मी म्हणालो पाठवतो. म्हणून टाकलं, कसं ते माहीत नाही. कदाचित परवा मोठ्या काट्यावर थोरलीचं वजन घेतलं म्हणून. गोदामवाला काटा न्यायला आला होता, तेव्हा गंमत म्हणून दोघींना चढवलं. धाकटी वाढलीय. थोरली शाळेत नोंदलेल्या जुन्या वजनापेक्षा खाली आली आहे. माझा काटा खोटं बोलत नाही, मीच दुरुस्त केलाय.

सोमवारी तिघंही स्थानकावर जाऊ. थोरलीला बसमध्ये बसवायचं आणि धाकटीला घेऊन परत यायचं. मी धाकटीचा हात सोडणार नाही. मला तिच्या रडण्याची धास्ती आहे, आणि माझ्याही.

थोरलीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "तुम्ही पण येणार? स्थानकावर? मी एकटी जाईन ना, बाबा." मी म्हटलं, धाकटीला आई ऐकू दे की थोडी. ती उठून आत गेली. जेवली नाही.

३ मार्च, सोमवार

सकाळी स्थानकावर गेलो. भोंगे तेच, खांब तेच, फक्त रंग दिलाय. थोरली दप्तर छातीशी धरून उभी. धाकटीचा हात माझ्या मुठीत, घामाने ओला. मी मन घट्ट करून ठेवलं होतं.

भोंगा खरखरला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर..."

मी वर बघितलं. एक बाई बोलत होती. आवाज भरदार, शब्दांच्या शेवटी किंचित खाली येणारा, मध्ये कुठेतरी हसू दाबून ठेवल्यासारखा. माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की बदलला वाटतं यांनी आवाज शेवटी.

धाकटीने मान वर केली आणि विचारलं, "बाबा, ही कोण बोलतेय?"

मग त्या बाईने 'रांगेत' म्हटलं. ही 'रांगेत' मधला 'रां' असाच जरा ओढायची. मी लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला त्यावरून चिडवलं होतं. घरातल्या एकाही कॅसेटमध्ये तो नाही.

मी थोरलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आपल्या चपलांकडे बघत होती, आणि कान लाल झाले होते. धान्यवाल्याचं पारडं आठवलं. इतके महिने घरात वजनाशी वजन तोलत होतो आम्ही.

"बाबा, मी..." ती म्हणाली, बारीक आवाजात.

"बस लागली," मी म्हणालो. "चढ. जागा मिळायची नाही." मला दुसरं काही सुचलं नाही. ती चढली. खिडकीतून तिने हात हलवला नाही, मीही नाही.

घरी येऊन दुकान बंदच ठेवलं. खोकं काढलं. त्यातल्या सगळ्या कॅसेटी हिच्या निवेदनांच्या होत्या. एकीतही आता निवेदन शिल्लक नाही. पोरीने आईच्या आवाजावर आईचा आवाज भरला. तिला माहीत असणार ती काय पुसते आहे. फीत तुटली त्या दिवशी मी मुलींसमोर तसा रडलो नसतो तर तिने यातली एक तरी कॅसेट पुसली असती का?

मग सगळे धडे एकामागून एक पुन्हा ऐकले. या वेळी मला बारा वर्षांची मुलगी ऐकू आली, गोधडीत बसलेली, घसा खाली ओढून बोलणारी. एके ठिकाणी ती पुस्तकाचं पान उलटते. एके ठिकाणी नाक ओढते. 'दुपारचं जेवण टाळू नका' हे ती म्हणत होती, आणि मी उठून दुसऱ्याच कोणासाठी जेवत होतो. 'तिलाच विचारा ना' म्हणताना तिचा आवाज फाटलाय, आणि मी त्यावर चिडलो होतो. सगळ्या धड्यांत धाकटीला किती वेळा शाब्बास म्हटलंय. मला काळजी, धाकटीला शाब्बास. थोरलीला शाब्बास कुठेच नाही. तिने स्वतःसाठी एक शब्द भरून घेतला नाही. पहिल्या, खऱ्या कॅसेटमध्येही नव्हता, आणि ते तिला मीच ऐकवलं होतं.

संध्याकाळी धाकटीला घेऊन पुन्हा स्थानकावर गेलो, थोरलीच्या बसला. ती उतरली. घाबरलेली होती. चालत जवळ आली आणि लांबच थांबली.

"रागावलात?"

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. तोंडातून फक्त "शाब्बास" निघालं, तेही अडखळत. त्याबरोबर तिला रडू फुटलं, भर स्थानकात, भोकाड पसरून, लहान पोरीसारखं. तो तिचा आवाज होता. किती महिन्यांनी ऐकला. लोक बघत होते. मी तिचं दप्तर घेतलं आणि तिला जवळ ओढलं. हाडं लागली हाताला. उद्यापासून धाकटीचे पाढे मी घेणार, ती टेबलाखाली बसली तर मीही टेबलाखाली बसणार, हे तिला सांगितलं. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

भोंगा पुन्हा खरखरला. कुठल्यातरी बसला उशीर होणार होता आणि ही प्रवाशांची क्षमा मागत होती. धाकटी भोंग्याखाली मान वर करून उभी राहिली, पूर्वी राहायची तशी. पूर्ण निवेदन संपेपर्यंत ऐकलं तिने. मग माझा सदरा ओढून म्हणाली, "बाबा, ही बाई थोडीशी आपल्या आईसारखी बोलते, नाही?"

थोरलीने डोळे पुसत माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "थोडीशी."